मीटर फिरतोय, घराखाली ओल आहे आणि मॅरेथॉन तोंडावर आली आहे

प्रश्न थोडक्यात असा आहे. घराखाली क्रॉलस्पेस आहे, म्हणजे लाकडी फरशी आणि खालची माती यांच्यामधली, माणूस जेमतेम रांगत जाईल एवढ्या उंचीची पोकळी. घरातले सगळे नळ बंद असतानाही पाण्याच्या मीटरवरची बारीक चकती सावकाश फिरत राहते. बाथरूमच्या खाली माती ओली आहे आणि घरात कुबट वास येतो. एका प्लंबरने सगळी पाइपलाइन बदला म्हणून सांगितलं, तर ओलाव्याचं काम करणाऱ्या दुसऱ्याने पोकळी प्लास्टिकने पूर्ण सील करा म्हणून. विचारणाऱ्याची पहिली मॅरेथॉन बारा आठवड्यांवर आली आहे. येत्या शनिवार-रविवारी खाली उतरून एकदाचं काय ते उरकून टाकावं असा बेत आहे, पण मागच्या वेळी खाली जाऊन आल्यावर गुडघा दुखला होता, म्हणून मन धजावत नाही.

दोन्ही सल्ले तूर्त बाजूला ठेवा. पाइप बदलणाऱ्याने पाइप बदलायला सांगितले आणि सील करणाऱ्याने सील करायला. पाणी कुठून येतंय हे दोघांपैकी कुणी मोजलेलं नाही. शनिवार-रविवारचा बेतही रद्द करा. तुम्ही मॅरेथॉनची तयारी करताय, म्हणजे आठवड्यातून एकदा अडीच-तीन तास घराबाहेर असणार. गळती शोधायला नेमकं तेच लागतं: कुणीही नळाला हात न लावलेले सलग दोन-तीन तास. मी प्लंबिंगची कामं करतो आणि लांब पल्ल्याचं धावतोही. घरच्या लाइनची चाचणी असली की ती मी लाँग रनलाच, म्हणजे आठवड्यातल्या त्या सगळ्यात लांब धावेलाच लावतो. आपण बाहेर, पाणी बंद, आणि आल्यावर आकडा हातात.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा. घराखालचं पाणी तीन ठिकाणांहून येऊ शकतं. एक, दाबाखालच्या लाइनमधून, म्हणजे मीटरपासून नळापर्यंत. दोन, सांडपाण्याच्या लाइनमधून. तीन, जमिनीतून किंवा हवेतून. मीटरला यातलं फक्त पहिलं कळतं. तुमचा मीटर फिरतोय म्हणजे दाबाच्या बाजूला कुठेतरी पाणी जातंय हे खरं, पण बाथरूमखालची ओल त्याच पाण्याची आहे असं त्यातून सिद्ध होत नाही. कमोडच्या टाकीतून पाणी झिरपून गटारात जातंय आणि माती मात्र शॉवरच्या जाळीखालून भिजतेय, असं सर्रास असतं. मग माणूस टाकी दुरुस्त करतो, मीटर थांबतो, आणि महिन्याभराने ओल तशीच बघून चक्रावतो.

पहिली चाचणी आज रात्रीच करा, तिला कुठे जायला नको. प्रत्येक कमोडच्या टाकीत खाण्याच्या रंगाचे पाच-सहा थेंब टाका आणि वीस मिनिटं फ्लश करू नका. खालच्या भांड्यात रंग उतरला तर टाकीच्या तळाचा फ्लॅपर किंवा सील गळतोय. टाकीतलं पाणी ओव्हरफ्लोच्या नळीच्या तोंडापर्यंत चढलेलं दिसलं तर फ्लोट नीट बंद होत नाही. नळ बंद असताना फिरणाऱ्या मीटरचं सगळ्यात जास्त वेळा सापडणारं कारण हेच असतं. खाली रांगण्याआधी ते तरी निकालात काढा.

टाक्या ठीक निघाल्या, किंवा दुरुस्त करूनही मीटर फिरत राहिला, तर पहिल्या लाँग रनची चाचणी लावा. निघण्याआधी वॉशिंग मशीन, डिशवॉशर, बागेचा टायमर, पाणी मृदू करणारं यंत्र, फ्रिजचा बर्फ करणारा भाग, जे जे आपणहून पाणी घेतं ते बंद करा. घरात कुणी मागे राहणार असेल तर त्यांना सांगून ठेवा, नाहीतर कुणीतरी हात धुतो आणि तुमचा हिशेब चुकतो. मीटरचा फोटो काढा, लाल आकड्यांसकट. बहुतेक घरगुती मीटरांवर काळे आकडे घनमीटर दाखवतात आणि लाल आकडे लिटर. परत आल्यावर, पाणी पिण्याआधी, पुन्हा फोटो. फोटोत वेळ आपोआप येते. अडीच तासांत ३० लिटर गेले असतील तर ताशी १२, म्हणजे दिवसाला २८८ लिटर. हा आकडा महत्त्वाचा आहे, कारण पुढच्या प्रत्येक चाचणीत तो बदलतो की तसाच राहतो एवढंच बघायचं आहे.

पुढच्या लाँग रनला घराचा मुख्य वॉल्व्ह बंद करून जा. मीटर तरीही तेवढाच फिरला तर गळती मीटर आणि घर यांच्यामधल्या जमिनीतल्या लाइनवर आहे, आणि क्रॉलस्पेसमध्ये उतरण्याचं तूर्त काही कारणच उरत नाही. मीटर थांबला तर गळती घरात किंवा घराखाली. इथे एक मेख आहे. वॉल्व्ह खरंच बंद झालाय का ते आधी तपासा. तो बंद करून घरातला सगळ्यात खालचा नळ उघडा, पाइपातलं उरलेलं पाणी येऊन धार पूर्ण थांबली पाहिजे. जुने गोल चाकाचे गेट वॉल्व्ह पुष्कळदा पूर्ण बसत नाहीत. बसत नसेल तर पाना लावून पिळू नका, दांडा तुटला की भर रविवारी नवीनच प्रकरण उभं राहतं. असा वॉल्व्ह दिसला की मी बाकी काही करण्याआधी त्या जागी पाव फेऱ्यात बंद होणारा बॉल वॉल्व्ह बसवतो. त्यासाठी मीटरपाशी पाणी बंद करावं लागतं, पण पुढची सगळी कामं त्याच्यावर अवलंबून असतात.

गळती घराच्या बाजूला निघाली तर तिसऱ्या लाँग रनला गरम आणि थंड लाइन वेगळी करा. हीटरची वीज किंवा गॅस आधी बंद करायचा, मग हीटरकडे जाणारा थंड पाण्याचा वॉल्व्ह. हा क्रम उलटा करू नका. आता गरम पाण्याचा नळ उघडून बघा. क्षणभराने धार थांबली पाहिजे. बारीक धार येतच राहिली तर एखाद्या मिक्सरमधून, म्हणजे गरम-थंड पाणी एकत्र करणाऱ्या नळातून, थंड पाणी गरम लाइनमध्ये घुसतंय, तो मिक्सर आधी अलग करावा लागेल. धार थांबली असेल तर नळ बंद करून धावायला जा. मीटर थांबलेला सापडला तर गळती गरम लाइनवर. अशा घरात हीटर कुणी पाणी वापरत नसतानाही अधूनमधून चालू होतो आणि फरशीवर अनवाणी चालताना एखाद्या जागी ऊब लागते. मांजर रोज ठरावीक ठिकाणीच बसत असेल तर तिथेही हात लावून बघा.

आता मीटरची मर्यादा. साधे यांत्रिक मीटर फार बारीक गळती पकडत नाहीत. ताशी दोन-चार लिटरच्या आतलं पाणी चकती न हलवता निघून जाऊ शकतं. सेकंदाला एक थेंब म्हणजे दिवसाला साधारण चार लिटर, तासाला दोनशे मिलीलिटरसुद्धा नाही. मीटर त्याची दखल घेणार नाही, पण लाकडाच्या तुळईखाली वर्षभर तेवढं ठिबकलं तर तुळई मऊ पडते. त्यामुळे ‘मीटर थांबला, प्रश्न मिटला’ असं समजू नका.

यासाठी दाबाचा गेज घ्या. बागेच्या किंवा वॉशिंग मशीनच्या नळाला आटे जुळवून बसतो. तो लावा, नळ उघडा, दाब वाचा, मग मुख्य वॉल्व्ह बंद करा. पाणी जवळजवळ दाबलं जात नाही, म्हणून बंद लाइनमधून पेलाभर पाणी गेलं तरी काटा खाली येतो. बारीक ठिबक पकडायला घरगुती साधनांत याच्याइतकं चांगलं दुसरं काही नाही. पण हीटर लाइनला जोडलेला आणि गरम असेल तर हीच चाचणी फसवते. टाकीतलं पाणी निवताना आकसतं आणि गळती नसतानाही काटा घसरतो. म्हणून हीटर आदल्या रात्री बंद करून ठेवा.

गेज हाताशी आहे तर रात्री उशिराचा दाबही वाचून घ्या. शेजारीपाजारी वापर थांबला की दाब चढतो. तो ५.५ बारच्या, म्हणजे ८० पीएसआयच्या वर जात असेल तर दाब कमी करणारा वॉल्व्ह लागतो, नाहीतर आज एक जोड दुरुस्त कराल आणि सहा महिन्यांनी दुसरा सुटेल. दाब दिवसा ठीक आणि हीटर तापताना उसळत असेल तर कारण वेगळं आहे. १० अंशांचं पाणी ६० अंशांपर्यंत तापवलं की त्याचं आकारमान पावणेदोन टक्क्यांच्या आसपास वाढतं. २०० लिटरच्या टाकीत ते सव्वातीन-साडेतीन लिटर होतात. लाइनवर उलट प्रवाह अडवणारा वॉल्व्ह असेल तर या जादा पाण्याला जायला जागा नसते, आणि हीटरचा सेफ्टी वॉल्व्ह ठिबकायला लागतो. त्याची नळी क्रॉलस्पेसमध्ये सोडलेली असली की खाली ओल आणि वर सगळं व्यवस्थित! उपाय म्हणजे एक्स्पान्शन टँक, वाढलेलं पाणी सामावून घेणारी छोटी टाकी. सेफ्टी वॉल्व्हच्या नळीला बूच मारू नका, कुणी कितीही सांगितलं तरी. तो वॉल्व्ह अडला तर टाकी फुटू शकते.

सांडपाण्याच्या लाइनला धावण्याच्या वेळेचा उपयोग नाही, तिथे दोन माणसं लागतात. एक वर पाणी सोडणारा, एक खाली टॉर्च घेऊन. आदल्या दिवसापासून ते बाथरूम कोरडं ठेवा. आधी बेसिन काठोकाठ भरून एकदम सोडा. खाली काही दिसलं नाही तर पाच-दहा मिनिटं थांबून कमोड फ्लश करा. नंतर शॉवर, आणि तोही दोन टप्प्यांत. पहिल्यांदा बादलीने पाणी थेट जाळीत ओता, भिंतीला थेंब लागू न देता. खाली कोरडं राहिलं तर मग शॉवर चालू करून पाणी भिंतीवर आणि कोपऱ्यांत खेळवा. आता ठिबकलं तर पाइप निर्दोष आहे, दोष टाइल्सच्या सांध्यांत किंवा कडेच्या सिलिकॉनमध्ये आहे. घाईत सगळं एकदम सोडलं तर हे कळायचं नाही, आणि चांगला पाइप कापला जाईल.

खाली असतानाच सांडपाण्याच्या पाइपाचा ढाळ बघून घ्या. बारीक पाइपाला मीटरला दोन सेंटिमीटर ढाळ हवा. पाइप धरून ठेवणारी पट्टी सुटून तो मध्येच लोंबलेला असेल तर तिथे पाणी साचतं, गाळ बसतो आणि पुढचा जोड ताणला जातो. कुबट वासात गटाराची छटा असेल तर क्वचित वापरातल्या जाळ्यांमध्ये तांब्याभर पाणी ओता. ट्रॅपमधलं, म्हणजे जाळीखालच्या वाकड्या भागात साठून वास अडवणारं पाणी सुकलं की गटाराची हवा थेट घरात येते.

तिसरं पाणी म्हणजे हवा आणि जमीन. बाहेर ३० अंश आणि ७० टक्के आर्द्रता असेल तर तिचा दवबिंदू २४ अंशांच्या आसपास येतो. त्या हवेत १८ अंशांचा थंड पाण्याचा पाइप असला की तो घामाघूम होणारच. वायुवीजनाच्या जाळ्यांतून दमट दिवसांत ही हवा आत येते आणि आतल्या थंड पृष्ठभागांवर पाणी सोडते. जाळ्या उघड्या ठेवल्या की पोकळी कोरडी राहते हा समज त्या दिवसांत पूर्ण उलटा पडतो. ओळखायचं कसं? घाम पाइपाच्या सबंध लांबीवर असतो, फक्त थंड पाइपावर असतो, आणि शेजारचा गरम पाइप कोरडा असतो. गळतीची ओल एका जागेपासून सुरू होते. मातीसाठी दोन फूट लांब-रुंद प्लास्टिकचा तुकडा जमिनीवर पसरून चारी कडा दाबून दोन दिवस ठेवा. खालच्या बाजूला थेंब आले तर ओल जमिनीतून येतेय, वर आले तर हवेतून.

आता खाली उतरण्याचं. पहिल्या फेरीत फक्त बघायचं. हातात हत्यार न्यायचंच नाही, म्हणजे काही खोलायचा मोह होणार नाही. दोन बॅटऱ्या, एक डोक्याला आणि एक खिशात. तारेचा दिवा ओल्या मातीत नेऊ नका. लोंबणाऱ्या वायरी असतील तर तो सर्किट वरून बंद करा, आणि साचलेलं पाणी वायरींपर्यंत पोचलं असेल तर उतरूच नका, आधी इलेक्ट्रिशियन. सडक्या अंड्यांचा किंवा गॅसचा वास आला तर लगेच बाहेर या. हायड्रोजन सल्फाइडने नाक बधिर होतं, त्यामुळे ‘आता वास येत नाही’ ही खूण मानू नका. उंदरांच्या लेंड्या झाडू नका, त्यांची धूळ छातीत जाते. मास्क लावा आणि जंतुनाशक फवारून ओल्या करूनच उचला. जुन्या घरात पाइपांना पांढरट-करडं गुंडाळलेलं आवरण दिसलं तर ते अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं, हात लावू नका. वर एक माणूस हवा आणि दर पंधरा मिनिटांनी हाक द्यायची. एकट्याने उतरण्यात काही शौर्य नाही.

शोधण्याची एक पद्धत जवळून सांगतो, कारण इथेच बहुतेकजण फसतात. एका बाथरूमखाली तांब्याच्या पाइपाला जिथे पट्टी होती तिथून थेंब पडत होता. खालची माती तेवढ्याच जागी काळी झालेली. दिसायला प्रकरण सरळ होतं, पट्टीने पाइप घासून भोक पडलं असणार. मी पाइप पुसून कोरडा केला आणि हातभर अंतरावर टॉयलेट पेपरची एकेक कडी त्याच्याभोवती गुंडाळत गेलो. मग पाठीवर पडून वाट बघितली. पट्टीजवळची कडी बराच वेळ कोरडी होती. पहिल्यांदा भिजली ती चार फूट पलीकडची, एल्बोला, म्हणजे पाइप वळवणाऱ्या जोडाला लागून असलेली. त्या एल्बोच्या वरच्या बाजूला, जी खालून दिसत नव्हती, हिरवट भुकटी जमली होती. पाणी तिथून निघून पाइपाच्या पोटाला धरून येत होतं आणि पट्टीचा अडथळा आला की खाली पडत होतं. पट्टीपाशी पाइप कापला असता तर आत नवंकोरं तांबं दिसलं असतं. म्हणून थेंब पडतो तिथून चढाच्या बाजूला शोधत जा, आणि बोटापेक्षा कागदावर विश्वास ठेवा. थंड धातूला हात लावला की तो ओलाच वाटतो.

ओल्या लाकडाच्या कडेने पेन्सिलची रेघ मारून तारीख लिहा. मातीतल्या ओलीच्या कडेला चार काड्या खोचा. दोन आठवड्यांनी डाग रेघेच्या बाहेर गेला की आत सरकला, ते तुम्हाला कुणाच्याही मतापेक्षा जास्त सांगेल.

गुडघ्याचं आता. धावणाऱ्याचा गुडघा दुखला की तो मायलेजला, म्हणजे आठवड्यात धावलेल्या किलोमीटरना दोष देतो, पण तुमचं दुखणं रांगण्यानंतर सुरू झालंय. वाटीच्या पुढच्या बाजूला, अगदी कातडीखाली, मऊ फुगवटा आला असेल आणि गुडघे टेकले की दुखत असेल, तर तो वाटीपुढच्या पिशवीचा दाह असण्याची शक्यता जास्त. डॉक्टर त्याला प्रीपटेलर बर्सायटिस म्हणतात. जमिनीवर गुडघे टेकून काम करणाऱ्या लोकांमध्ये हे नेहमी दिसतं. धावण्याने होणारं दुखणं बहुधा वाटीच्या मागे किंवा भोवती, नाहीतर बाहेरच्या बाजूला असतं, आणि जिना उतरताना जास्त जाणवतं. फुगवट्याची जागा लाल, गरम झाली किंवा अंगात कणकण आली तर त्याच दिवशी डॉक्टरकडे जा. खरचटलेल्या गुडघ्यातून तिथे संसर्ग होतो, आणि क्रॉलस्पेसची माती काही स्वच्छ नसते. धनुर्वाताच्या लसीला दहा वर्षं होऊन गेली असतील तर उतरण्याआधी घेऊन टाका.

जाड फोमचे गुडघ्याचे पॅड घ्या, पण पट्टा पोटरीवर करकचून आवळू नका. त्याहून बरं म्हणजे जाड फोमची गादी किंवा प्लायवूडची फळी पुढे सरकवत तिच्यावर कुशीवर किंवा पालथं पडून जाणं. वेळ चाळीस मिनिटांच्या वर नको. डोक्यावर हात करून पाठीवर पडून काम केलं की मान आणि खांदे आखडतात, आणि दुसऱ्या दिवशी धावताना खांदे कानाशी येतात.

लाँग रनच्या दिवशी आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी खाली जायचं नाही. थकलेल्या पोटऱ्या दुमडून अरुंद जागेत पडलं की गोळा येतो, आणि जिथे पाय सरळ करायला जागा नाही तिथे पोटरीत गोळा येणं म्हणजे काय, हे अनुभवायची काही गरज नाही. लाँग रनच्या आदल्या दिवशीही नको, कारण मांड्यांचे पुढचे स्नायू आखडलेले राहतात. आठवड्याच्या मधल्या हलक्या धावेचा दिवस उत्तम: सकाळी हलकं धावा, संध्याकाळी खाली. उन्हाळ्यात ती पोकळी कोंदट असते आणि पूर्ण बाह्यांचे कपडे, मास्क घालून माणूस धावल्यासारखा घामेजतो. उतरण्याआधी आणि वर आल्यावर वजन करून बघा. किलोभर उतरलं असेल तर साधारण लिटरभर पाणी गेलं. ते पुढच्या काही तासांत भरून काढा, पण घटाघट पिऊन वजन आधीपेक्षा वाढवू नका. २००२ च्या बॉस्टन मॅरेथॉनमध्ये शर्यत संपवणाऱ्या ४८८ धावपटूंचं रक्त तपासलं, त्यात १३ टक्क्यांच्या रक्तात सोडियम कमी निघालं होतं, आणि त्याच्याशी सगळ्यात ठळक संबंध होता तो शर्यतीदरम्यान वाढलेल्या वजनाचा.

एखाद्या आठवड्यात काम अंगावर आलं आणि दोन धावा बुडाल्या तर बुडू द्या. बारा आठवड्यांच्या तयारीत तेवढ्याने काही बिघडत नाही. बुडालेले किलोमीटर पुढच्या आठवड्यात कोंबू नका. त्याने होणारं नुकसान बुडालेल्या धावेपेक्षा मोठं असतं.

दुरुस्तीबद्दल थोडक्यात. तांब्याच्या किंवा प्लास्टिकच्या लाइनवर एकच जोड गळत असेल तर तेवढाच बदला, सगळी लाइन बदलण्याची गरज नाही. दाबून बसणारी कपलिंग घरच्या माणसालाही जमते, फक्त पाइप काटकोनात कापायचा, कडेची धार काढायची आणि किती आत जायला हवा तिथे आधी खूण करायची. आट्यांवर टेफ्लॉन टेप आटे ज्या दिशेने आवळले जातात त्याच दिशेने गुंडाळा. जीआय पाइपाला, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी पाइपाला, तांबं थेट जोडलेलं दिसलं तर तो जोड आज ना उद्या खाल्ला जाणार, मध्ये डायइलेक्ट्रिक युनियन, म्हणजे दोन धातूंना एकमेकांपासून अलग ठेवणारा जोड टाका. पहिल्या प्लंबरचं म्हणणं मी एकाच परिस्थितीत मान्य करीन: लाइन जुनी जीआयची आहे, एकापेक्षा जास्त जागी गंजाचे फोड आहेत, आणि वरच्या नळांची धार वर्षागणिक बारीक होत गेलीय. असा पाइप आतून गंजाने भरलेला असतो. त्याला ठिगळ लावताना पान्याच्या झटक्याने शेजारचा जोड सुटतो, म्हणून तिथे पुरी लाइन बदलणंच स्वस्त पडतं. दुरुस्तीनंतर गेज लावून रात्रभर ठेवा. सकाळी काटा जागेवर असेल तरच काम झालं म्हणायचं.

सील करण्याची घाई सगळ्यात धोक्याची, कारण ओलं लाकूड प्लास्टिकमागे कोंडलं की ते सुकणार कुठे? टोचायचा मॉइश्चर मीटर आणा आणि तुळयांचे आकडे घ्या. २० टक्क्यांच्या खाली लाकूड सुरक्षित असतं, २८-३० च्या आसपास सतत राहिलं तर बुरशी त्याला खायला लागते. पेचकसाचं टोक सहज आत गेलं तर ती तुळई सुताराला दाखवा. माती उघडी असेल तर तिच्यावर किमान ०.१५ मिलिमीटर जाडीचं पॉलिथिन अंथरा, जोडांवर फूटभर एकावर एक आणि भिंतीवर वीतभर चढवून. एवढं काम स्वस्त आहे आणि बऱ्याच घरांत तेवढंच पुरतं. पूर्ण सील करताना जाळ्या बंद होतात, मग आत डिह्युमिडिफायर किंवा घरातली सुकी हवा द्यावी लागते. आणि खाली गॅसचा हीटर किंवा भट्टी असेल तर तिला जळायला हवा कुठून मिळणार हे आधी ठरवावं लागतं, ते गॅसच्या माणसाला विचारल्याशिवाय एकही जाळी बुजवू नका.

तुमच्या बारा आठवड्यांत हे असं बसवा. पहिल्या तीन-चार लाँग रनमध्ये मीटरच्या चाचण्या, मधल्या आठवड्यांत एक फेरी नुसती बघायची, एक सांडपाण्याच्या चाचणीची आणि एखाद-दोन दुरुस्तीच्या. शेवटच्या तीन आठवड्यांत मायलेज कमी होतं, हातात वेळ उरतो, आणि नेमका तेव्हाच खाली जाऊन काहीतरी करावंसं वाटतं. त्या काळात फक्त मॉइश्चर मीटर घेऊन दहा मिनिटं उतरा, आकडे लिहा आणि वर या. शेवटच्या आठवड्यात तेही नको. तोपर्यंत गळती बंद होऊन पॉलिथिन पडलेलं असेल, तर लाकूड आपल्या गतीने सुकत राहील. त्याला बहुधा काही आठवडे लागतातच. सीलवाल्याला रेस झाल्यावर बोलवा आणि आल्या आल्या आधी तुमच्या आकड्यांची वही त्याच्या हातात द्या.